गुरुवारचा नोटीस बोर्ड

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्यामुळे त्या दिवशी संत तुकाराम नगरात सकाळपासून पुरुषमाणसं दिसायची. कुणी सायकल उलटी करून चेनला तेल देतोय, कुणी दारात आरसा टांगून दाढी करतोय, कुणी डबा घेऊन मटणाच्या दुकानाकडे निघालाय. ज्ञानदेव ओव्हाळ त्यांच्यातलाच. आकुर्डीच्या एका कंपनीत तो नऊ वर्षं लेथ चालवत होता. आयटीआय झालेला टर्नर, कामाला चोख, बोलायला कमी. घरात आई सोजरबाई, बायको प्रभावती आणि सहा वर्षांची मुलगी सुजाता.

प्रभावती गुरुवारी घरी नसायची. ती चिंचवडच्या एका शाळेत शिकवायची, तेही एखादी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागेवर. ती बाई परत आली की प्रभावतीची नोकरी संपली. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन ती समाजशास्त्रात एम. ए. झाली होती. पहिलं वर्ष सुजाता पोटात असताना, दुसरं ती रांगायला लागल्यावर. निकालाच्या दिवशी ज्ञानदेवने शेजारीपाजारी पेढे वाटले होते आणि मनाशी म्हटलं होतं, झालं बाबा एकदाचं शिक्षण.

त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी ती शाळेतून आली, हातपाय धुतले आणि मटार सोलायला बसली. ज्ञानदेवही समोर बसून सोलू लागला. अर्धी परात सोलून झाली. मग शेंगांकडे बघतच म्हणाली, “मागच्या महिन्यात एक दिवस रजा टाकून मी विद्यापीठात जाऊन आले. तुम्हाला सांगितलं नाही.”

“कशाला गेली होतीस?”

“पीएच. डी. करता येईल का विचारायला. डॉक्टर पानवलकर म्हणून बाई आहेत. म्हणाल्या, घेईन तुला हाताखाली. पण दोन वर्षं पूर्णवेळ द्यावी लागतील, शाळा सांभाळून जमायचं नाही. आधी फेलोशिप शोध म्हणाल्या.”

“ती काय असते?”

“अभ्यास करायला दरमहा पैसे मिळतात. पगारासारखे.”

ज्ञानदेवच्या हातातली शेंग तशीच राहिली. “अभ्यासाला पगार असतो?”

“असतो. मिळाला तर.”

“कोण देतं?”

“सरकार देतं, मोठे मोठे ट्रस्ट देतात. विद्यापीठात बोर्डावर नोटिसा लागतात, पण जाऊन बघायला तर हवं. माझी शाळा सोमवार ते शनिवार, आणि रविवारी विद्यापीठ बंद.” ती उगीचच हसली. “मनात होतं ते सांगितलं. तुम्ही काळजी नका करू.”

ज्ञानदेवने आणखी चारपाच शेंगा सोलल्या. मग म्हणाला, “माझी सुट्टी गुरुवारी असते.”

पुढच्या गुरुवारी तो इस्त्रीचा सदरा घालून सायकलवर निघाला. औंधावरून गणेशखिंडीत आला. विद्यापीठाच्या फाटकाशी तो सायकलवरून उतरला आणि तिथून पुढे ती हातात धरून चालत नेली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. मोठाली झाडं, दगडी इमारत, पुस्तकं छातीशी धरून चाललेल्या मुली. आता कुणीतरी हटकणार असं त्याला प्रत्येक पावलाला वाटत होतं. कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

नोटीस बोर्ड काचेच्या पेटीत होता. सगळं इंग्रजीत, बारीक टाइपात. ज्ञानदेवचं इंग्रजी कंपनीपुरतं. पण ड्रॉइंग वाचायची सवय होती, आणि न समजलेली रेघसुद्धा जशीच्या तशी उतरवायची असते एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. खिशातून सुजाताची जुनी वही काढून तो अक्षर न् अक्षर उतरवायला लागला.

“काय शोधताय?” मागून आवाज आला. खाकी डगल्यातला, मिशा पांढऱ्या झालेला शिपाई उभा होता.

“फेलोशिप बघतोय. बायकोसाठी.”

“बायकूसाठी?” शिपायाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हितं पोरं येत्यात, पोरींचे बाप येत्यात. नवरा पयल्यांदाच बघतोय.” मग कमरेची किल्ली काढून त्याने काच उघडली, दोन कागद टाचणीसकट काढून ज्ञानदेवच्या हातात दिले आणि व्हरांड्यातल्या बाकाकडे बोट केलं. “उभ्यानं काय लिवता? बसा तिकडं. अन् टाचण्या हरवू नका, त्यांचा हिशेब मागतो आमचा हेडक्लार्क.”

त्याचं नाव दत्तोबा. हिंजवडीच्या पलीकडे माण गाव आहे, तिथला. रोज सायकलने यायचा.

त्या संध्याकाळी प्रभावतीने वहीतली दोन पानं वाचली. पहिलं वाचून तिने मान हलवली, त्याला पहिला वर्ग हवा होता. दुसरं वाचताना मात्र तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

“काय झालं?” ज्ञानदेव घाबरला.

“ही तुम्हाला कुणी सांगितली?”

“मीच निवडली. त्यात हजबंड असं लिहिलंय ना? म्हटलं, लग्न झालेल्या बायकांसाठी असेल.”

“अहो, ॲनिमल हजबंड्री आहे ते! गाईम्हशींचा अभ्यास!”

सोजरबाईने आतून विचारलं, “काय गं परभा, का हसतीस?”

“काही नाही आत्या, ह्यांनी मला गुरांच्या दवाखान्यात लावून दिलंय,” प्रभावती म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. ज्ञानदेवही हसला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तिला इतकं मोकळं हसताना त्याने क्वचितच पाहिलं होतं. पुढच्या गुरुवारी जायचं, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं.

मग गुरुवार आणि विद्यापीठ हे ठरूनच गेलं. कंपनीतले लोक विचारायचे, ओव्हाळ, सुट्टीला दिसत नाही राव कुठे? तो म्हणायचा, काम असतं. वर्षभरात त्याला कितीतरी गोष्टी कळल्या. नोटीस लागते तेव्हा मुदत निम्मी संपलेली असते. ‘साक्षांकित प्रत’ म्हणजे ज्याच्याकडे शिक्का आहे त्याच्या दारात दोनदा जाणं. अर्जाचा नमुना मागवायचा तर आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवावं लागतं. ‘योग्य मार्गाने’ म्हणजे ज्या कारकुनाला घाई नाही त्याच्या टेबलावरून. इंग्रजीही हळूहळू डोळ्याला सरावलं. दत्तोबा आता नव्या नोटिसा आधी त्याला दाखवायचा, मग बोर्डाला लावायचा.

प्रभावती अर्ज भरत राहिली आणि नकार येत राहिले. एका ठिकाणी पहिला वर्ग हवा, तिला दुसरा होता. एका ठिकाणी वय तिशीच्या आत हवं, आणि ती नोटीस निघाली तिच्या तिसाव्या वाढदिवसानंतर एका महिन्याने. दोन ठिकाणांहून उत्तर आलं की विषय मोघम आहे. तिचा विषय होता औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या बायका. पानवलकरबाईही म्हणाल्या, “विषय चांगला आहे गं, पण या बायकांचं तू नेमकं काय बघणार, ते काही केल्या दिसत नाही.” प्रभावती नकाराची पत्रं ट्रंकेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायची. एकदाच ती म्हणाली, “अहो, पुरे आता. तुमचे किती गुरुवार गेले.”

“माझे गुरुवार आहेत,” ज्ञानदेव म्हणाला. “मी बघेन त्यांचं काय करायचं ते.”

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात दिल्लीची एक शिष्यवृत्ती निघाली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. वर्गाची अट नव्हती, वयाची सवलत होती. ज्ञानदेव त्या दिवशी सायकल हाणतच घरी आला. पण दुसऱ्या गुरुवारी तो अर्ज आणायला गेला तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “तुम्ही बौद्ध का?”

“हो.”

“मग तुम्ही यात बसत नाही. राज्याच्या फीमाफीत बौद्ध चालतात, दिल्लीच्या यादीत नाहीत.” ज्ञानदेवचा चेहरा बघून कारकून जरा पुढे वाकला. माणूस वाईट नव्हता. “बाईंचा शाळेचा पहिला दाखला बघा की. पन्नास-एक्कावन्न साली नाव घातलं असेल तर त्यावर हिंदू महार असंच लिहिलेलं असणार. तोच दाखला लावा. कोण विचारायला येतंय?”

दाखला तसाच होता. ज्ञानदेवने तो ट्रंकेतून काढून अर्जाबरोबर प्रभावतीसमोर ठेवला आणि कारकून काय म्हणाला ते सांगितलं. स्वतःचं मत काही सांगितलं नाही. खरं तर त्याला वाटत होतं, लिहावं. एक शब्द तर लिहायचा. दीड वर्षं दारोदार हिंडून तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं, आणि हे दार नुसतं लोटलेलं होतं.

तिने सगळा अर्ज भरला आणि जातीचा तेवढा एक रकाना कोरा ठेवला. दोन दिवस अर्ज तसाच पडून राहिला. ज्ञानदेवने शेवटी आईला विचारलं.

सोजरबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “आमी दीक्षा घेतली तवा तुझा बाप घरातलं देवाचं टाक घेऊन भीमेला गेला. पाण्यात उभा राहिला अन् सोडंना. मी म्हटलं, सोडा. तर म्हणला, माझ्या बापानं घडवल्यात. मग मीच त्याच्या मुठीवर हात ठिवला अन् दोघांनी मिळून सोडलं.” तिने एक खडा काढून बाजूला टाकला. “मला कागदातलं कळत न्हाई. परभाला इचार. शिकती ती हाय.”

प्रभावती दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं. ती आत आली, पेन उचललं आणि रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं.

“परत येईल,” ज्ञानदेव म्हणाला.

“येऊ दे. मी उद्या बायकांच्या घरी जाऊन म्हणणार, मला तुमचं खरं खरं सांगा. आणि माझ्याच पहिल्या पानावर असं?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तुम्हाला वाईट वाटलं का?”

“नाही,” तो म्हणाला. वाटलं होतं, पण तिने लिहिलं त्याचं नव्हे. आपल्याला मोह झाला, त्याचं.

अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. पुढचे दोन-तीन महिने घरात फेलोशिपचा विषय कुणी काढला नाही. गुरुवारी मात्र तो जातच राहिला. दत्तोबा त्याला चहा पाजायचा आणि म्हणायचा, “ह्या हप्त्याला काय न्हाई राव. पन येत जा.”

शहात्तरच्या फेब्रुवारीत कंपनीत टाइम स्टडी सुरू झाला. एक तरणा इंजिनियर हातात स्टॉपवॉच आणि फळी घेऊन लेथमागे उभा राहायचा. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, उचलला, इतके सेकंद. लेथच्या चकमध्ये बसवला, इतके. कट घेतला, मोजून पाहिला, बाजूला ठेवला. सगळं फळीवरच्या कागदावर रकान्यांत लिहायचा. ज्ञानदेवला त्याचा भारी राग यायचा. घरी येऊन तो प्रभावतीजवळ कुरकुरला, “नाक पुसलं तरी लिहितोय. माणसानं दिवसभरात काय काय केलं, सेकंदासेकंदाचं. असं कुणी तुमच्या बायकांचं लिहीत नाही, ते बरंय.”

प्रभावती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“काय म्हणालात?”

“काही नाही. टाइम स्टडीवाला—”

“तो कागद कसा असतो? काढून दाखवा मला.”

तव्यावरची भाकरी करपली. ज्ञानदेवने तिथेच पाटावर बसून कागदावर रकाने पाडले. काम, सुरुवात, शेवट, लागलेला वेळ, शेरा. प्रभावती पिठाच्या हातानेच त्यावर वाकून बघत होती. “हेच,” ती म्हणाली. “हेच मला सापडत नव्हतं. बायकांना विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता, की त्या म्हणतात काही नाही, घरीच असतो. विचारायचंच नाही. मोजायचं.”

पहिली मोजणी घरातच करायची ठरली. प्रभावतीची शाळा होती, म्हणून एका गुरुवारी, विद्यापीठाला दांडी मारून, ज्ञानदेव मनगटावरचं घड्याळ आणि फळी घेऊन सोजरबाईच्या मागे लागला.

“माझं काय मोजतुयास रं?” सोजरबाई म्हणाली. “मी तर बसूनच हाय. काम काय, ती परभा करती.”

“तू बसलीस की तेही लिहितो.”

पण ‘बसली’ असं लिहायची वेळ आली नाही. नळाला पाणी आलं, तिने भरलं. सुजाताची वेणी घातली. शेजारच्या बाईचं तापलेलं पोर दोन तास मांडीवर ठेवलं, आणि त्याच वेळात डाळ निवडली. रॉकेलच्या रांगेत उभी राहिली. गोधडीला टाके घातले. दुपारी जेवायला बसली तेव्हा ज्ञानदेवने हुश्श करून पेन्सिल खाली ठेवली, तर ती अर्ध्या जेवणातून दोनदा उठली, एकदा त्यालाच ताक द्यायला. संध्याकाळपर्यंत चार कागद भरले. प्रभावतीने घरी आल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवले. सोजरबाई हनुवटीला हात लावून ऐकत होती.

“एवढं समदं मी केलं?” ती म्हणाली. मग म्हणाली, “पुन्यांदा वाच बरं.”

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी दारात सायकलची घंटा वाजली. दत्तोबा उभा होता, घामाने निथळत. माणहून थेट सायकल मारत आला होता. डोक्यावरची टोपी काढून त्याने तिच्या घडीतून एक कागद काढला.

“काल सांच्याला आली. सोमवारी लावली आसती, पर बुधवारी मुदत संपती. तुमी गुरुवारी येनार. म्हटलं, मग काय उपेग?”

मुंबईच्या एका जुन्या न्यासाची नोटीस होती. महिला वर्ष नुकतंच होऊन गेलं होतं, त्या निमित्ताने स्त्रियांविषयी संशोधन करणाऱ्या दोघींना दोन वर्षांचं अनुदान मिळणार होतं. प्रभावतीने नोटीस वाचली, मग ज्ञानदेवने वाचली. वयाची अट नव्हती. वर्गाची नव्हती. जातीचा रकानाच नव्हता. ज्ञानदेवने पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. कुठेतरी काहीतरी असणार, असं त्याला वाटत होतं.

सोजरबाईने दत्तोबाला जेवायला बसवलं. तो जेवत होता तेवढ्यात प्रभावतीने वही घेऊन लिहायला सुरुवातही केली होती. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून तिने पानवलकरबाईंचं पत्र आणलं. मंगळवारी शिवाजीनगरला कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून सगळं टाइप झालं. आता पोस्टाचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता आणि प्रभावतीच्या शाळेत वार्षिक परीक्षा चालू होत्या. ज्ञानदेवने बुधवारची रजा टाकली. कंपनीचा माल मुंबईला नेणाऱ्या ट्रकवर भैरू नावाचा ओळखीचा ड्रायव्हर होता. उजाडता उजाडता ज्ञानदेव आकुर्डीहून त्याच्या शेजारी बसून निघाला. मांडीवर पाकीट, त्यावर दोन्ही हात.

खंडाळ्याच्या घाटात एक टँकर आडवा झाला होता. तीन तास गेले. भैरू खाली उतरून बिड्या ओढत होता. ज्ञानदेव उतरलाच नाही. सायनला भैरूने त्याला सोडलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बसने फोर्टात पोचून, पत्ता विचारत विचारत, दोन जिने चढून तो त्या कचेरीत शिरला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती.

टेबलामागे पांढऱ्या साडीतल्या, जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. टेबलावरच्या पाटीवर नाव होतं, कोठारे. त्यांनी पाकीट उघडून एकेक कागद बाजूला काढला. तीन प्रती. साक्षांकित गुणपत्रिका. मार्गदर्शकांचं पत्र. जन्मतारखेचा दाखला, जो नोटिशीत मागितलाही नव्हता.

“हे सगळं लावलंय कुणी?”

“मी. अडीच वर्षांत सवय झाली, बाई.”

“अर्जदार तुमच्या कोण?”

“बायको.”

कोठारेबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदांकडे वळल्या. शेवटी त्यांच्या हातात सोजरबाईच्या दिवसाचे चार कागद आले. ते त्यांनी चाळले नाहीत, वाचले.

“सोजरबाई कोण?”

“माझी आई.”

“आणि मोजलंय कुणी?”

“मी मोजलं. प्रश्न बायकोचे.”

“मोजताना काय वाटलं तुम्हाला?”

असं कुणी विचारेल याची ज्ञानदेवने तयारी केली नव्हती. “बाई, कंपनीत माझं काम मोजायला माणूस येतो, तेव्हा मला राग येतो. वाटतं, ह्याचा माझ्यावर विश्वास नाही. मला वाटलं, आईलाही येईल. तर तिला उलट बरं वाटलं. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, पुन्हा वाच.” त्याने टेबलावरच्या चार कागदांकडे पाहिलं. “मी जन्मापासून तिच्याच घरात आहे. मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं.”

कोठारेबाईंनी पोचपावतीवर शिक्का मारला आणि ती त्याच्या हातात देताना म्हणाल्या, “मी देणारी नव्हे हं. समिती ठरवेल. पण तुम्ही चहा घेऊन जा.”

जुलैत प्रभावतीला मुलाखतीला बोलावलं. ज्ञानदेव बरोबर गेला आणि बाहेर बाकावर बसला. तिच्या आधी गेलेली मुलगी दहा मिनिटांत बाहेर आली होती. प्रभावती पाऊण तास आत होती. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. “आत्यांचं खूप विचारलं,” एवढंच ती म्हणाली, आणि जिना उतरताना कधी नव्हे ते तिने त्याचा हात धरला.

पत्र ऑगस्टमध्ये आलं. ज्ञानदेव पहिल्या पाळीहून घरी आला तर सोजरबाई दारातच उभी. “आलंय,” ती म्हणाली, “पर परभा आतल्या खोलीत बसलीया. रडतीया. चांगलं हाय का वाईट ते मला काय सांगंना.”

प्रभावती ट्रंकेवर बसली होती, पत्र मांडीवर. ज्ञानदेवने वाचलं. मागितलं होतं त्याहून कमी, पण दोन वर्षं नक्की. तिचा शाळेचा पगार सुटला तरी चालणार होतं.

“अगं, मिळालं की!”

“हो.”

“मग?”

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. “इतके दिवस मिळत नव्हतं, तेव्हा मी म्हणायची, मिळालं की असं करीन, तसं करीन. आता खरंच करावं लागणार. साठ घरं, अहो. आणि नाही जमलं तर? तुमचे सगळे गुरुवार...”

ज्ञानदेव तिच्यासमोर खाली बसला. त्याला समजावणं जमत नसे. त्याने आपल्याला ठाऊक होतं तेच सांगितलं. “मला पहिल्यांदा मोठ्या लेथवर उभं केलं तेव्हा मीही असाच घाबरलो होतो. फोरमन म्हणाला, सगळा जॉब बघू नको. पहिला कट घे, हलका. तो झाला की दुसरा. तू उद्या एका घरी जा. एकाच. मग बघू.”

ती डोळे पुसत म्हणाली, “पहिला कोण देईल वेळ?”

“मी देते की,” सोजरबाई दारातून म्हणाली, “माजं झालं असलं तर शेजारणीला सांगते.”

दोन वर्षांत साठ घरं झाली. प्रभावती पहाटेच्या नळाला लोकांच्या घरी हजर असायची, म्हणून स्वतःच्या घरचं पाणी ज्ञानदेव भरू लागला. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा पिंपाची तोटी उघडी ठेवली आणि तिसऱ्यांदा हंडाच पाडला, आणि शेजारचे लोक हसले. मग हसायचे थांबले. लिहायला आणखी एक वर्ष लागलं. त्या वर्षाचं अनुदान नव्हतं, तेव्हा प्रभावती पुन्हा रजेच्या जागेवर शिकवायला गेली आणि ज्ञानदेवने ओव्हरटाइम धरला. एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात काळ्या कापडाच्या बांधणीत प्रबंधाच्या पाच जाड प्रती तयार झाल्या.

त्या द्यायला दोघं गेले तो दिवस अर्थातच गुरुवार होता. काउंटरवर गर्दी होती. वाट बघताना ज्ञानदेवने वरची प्रत उघडली. आभाराच्या पानावर त्याने आपलं नाव शोधलं. पानवलकरबाई होत्या, न्यास होता, दत्तोबा होता, साठ घरं होती. त्याचं नाव नव्हतं. पान उलटायला त्याला जरा उशीर झाला.

“तिथे नाही,” प्रभावती म्हणाली. तिने पानं उलटून तिसरं प्रकरण काढलं. अभ्यासपद्धती. एका ओळीवर बोट ठेवलं. ज्ञानदेवने सावकाश वाचलं. वेळ नोंदवण्याची ही पद्धत श्री. ज्ञानदेव ओव्हाळ, टर्नर, यांनी सुचवली व पहिली नोंद त्यांनीच केली, असं लिहिलं होतं.

“आभार मानायचे नव्हते मला तुमचे,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही काम केलंय यात.”

दत्तोबा त्या वर्षी निवृत्त होणार होता. त्याने पाचही प्रती स्वतः उचलून आत नेल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

तिथून ते शिवाजीनगरला गेले, हॉटेलात बसून डोसा खाल्ला आणि दुपारच्या निगडीच्या बसमध्ये बसले. खिडकीची जागा मिळाली. खडकीचा पूल येईपर्यंत प्रभावती बोलत होती, तोंडी परीक्षेला कोण परीक्षक येतील, आता सुजाताच्या गणिताकडे बघायला हवं. मग बोलता बोलता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं आणि ती झोपली. भर दुपारी, उन्हात, माणसांनी भरलेल्या बसमध्ये.

पिंपरी आली. कंडक्टर ओळखीचा होता. “ओव्हाळ, उतरायचं ना?”

ज्ञानदेवने तोंडावर बोट ठेवलं. मोकळ्या हाताने खिशातून सुटे पैसे काढून पुढे केले आणि कुजबुजत म्हणाला, “निगडीपर्यंतची दोन द्या. येताना उतरतो.”